घरचा कॅमेरा : कोणता घ्यावा व कशासाठीं?

बहुतेक जुन्या घरांत एखादी ट्रंक अशी असते कीं, तींत जन्मपत्रिका, लग्नपत्रिका आणि पिवळीं पडलेलीं छायाचित्रें एकाच फडक्यांत बांधून ठेवलेलीं असतात. त्यांतील एखादें चित्र हातीं घेऊन पाहावें. मध्यें खुर्चीवर पगडी घातलेले गृहस्थ, पायांशीं मुलें, आणि मागें नऊवारी लुगडीं नेसून उभ्या राहिलेल्या चार-पांच स्त्रिया. पुरुषांचीं नांवें घरांत अजून कोणी तरी सांगतो; त्या स्त्रियांपैकीं दोघींचीं मात्र कोणालाच सांगतां येत नाहींत. चित्राच्या पाठीवर छायाचित्रकाराचा शिक्का तेवढा असतो. नवा कॅमेरा घेण्याचा बेत ज्या घरांत चालला असेल, त्या मंडळींनीं दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं या चित्राचा थोडा विचार करावा. कारण कॅमेरा घ्यावयाचा तो माणसें राखण्यासाठीं. यंत्र मिरविण्यासाठीं नव्हे.

छायाचित्रणाची विद्या इ. स. १८३९ मध्यें पॅरिस येथें जगापुढें आली. त्यानंतर पंधराच वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकीं एक होते. परंतु कांचा, रसायनें व अंधारी खोली यांवांचून तेव्हां कांहींच होत नसे. म्हणून कुटुंबानेंच छायाचित्रकाराकडे जावयाचें, अशी रीत होती. १८८८ सालीं अमेरिकेंत ईस्टमन यांनीं शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा विकावयास काढला आणि १९०० सालीं एका डॉलरचा ‘ब्राउनी’ निघाला. तेव्हांपासून कॅमेरा घरांत शिरला. आपल्याकडे मागील पिढीच्या अनेक घरांत ‘आग्फा क्लिक-थ्री’ असे. त्याच्या रिळांत बाराच चित्रें बसत; म्हणून प्रत्येक चित्रापूर्वीं विचार होई. आज एका लग्नांत बाराशें चित्रें निघतात, आणि पुढें त्यांतलें एकही कोणी पाहत नाहीं.

हातांत मोबाईल असतां वेगळा कॅमेरा कशाला, ही शंका रास्त आहे. दिवसाउजेडीं अंगणांत बसलेल्या मंडळींचें चित्र मोबाईलनें उत्तम येतें. तेवढ्यानें ज्यांचें भागतें त्यांनीं खर्चांत पडूं नये. पण कुटुंबांतील खरे प्रसंग घडतात कोठें? देवघरांतील समईच्या उजेडांत, दिवेलागणीच्या शुभंकरोतीच्या वेळीं, मुंजीच्या मातृभोजनांत. तेथें प्रकाश थोडा आणि माणसें हालतीं असतात. कॅमेऱ्याची पारख तेथेंच होते.

प्रकाश टिपणारी जी पट्टिका कॅमेऱ्याच्या पोटांत असते, तिला सेन्सर म्हणतात. ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्यांत ती ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असते. ‘एपीएस-सी’ जातीच्या कॅमेऱ्यांत सुमारें ३६५, आणि मोबाईलमधील ‘एक इंची’ म्हणून मिरविणाऱ्या पट्टिकेंत अवघी ११६. मोबाईल ही उणीव गणितानें भरून काढतो. एकामागून एक अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक बनवितो. स्वस्थ बसलेल्या आजीच्या बाबतींत ही युक्ति साधते, धांवत्या नातवाच्या बाबतींत नेहमींच साधत नाहीं. कौटुंबिक कामास ‘एपीएस-सी’चा मधला मार्ग बहुधा पुरेसा होतो.

पट्टिकेहूनही अधिक महत्त्व भिंगाचें. कॅमेऱ्याबरोबर मिळणारें साधें झूम भिंग लांबच्या टोकास बहुधा एफ/५·६ इतकेंच उघडतें. एफ/१·८ चें भिंग त्याच्या सुमारें दसपट प्रकाश आंत घेतें. याचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, ज्या उजेडांत पहिल्या भिंगाला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो, तेथें दुसऱ्याचें काम सेकंदाच्या अडीचशेंव्या भागांत होतें. पहिल्यांत मुलाचा हात पुसट होतो, दुसऱ्यांत ठसठशीत येतो. मात्र ५० मिलिमीटरचें भिंग स्वस्त मिळतें म्हणून डोळे मिटून घेऊं नये. एपीएस-सीवर त्याची दृष्टि इतकी अरुंद होते कीं, आपल्या बैठकीच्या खोलींत दहा माणसें बसवावयाची तर चित्र घेणाऱ्यानें भिंतींतच शिरावें लागेल! तेथें २४ किंवा ३५ मिलिमीटरचें भिंग बरें. शिवाय दोन रांगांत मंडळी असतां छिद्र पुरतें उघडें ठेवूं नये. पुढची रांग रेखीव येते व मागची धूसर होते. आणि मागें उभ्या असतात त्या स्त्रियाच!

आतां विक्रेते ज्याचा डांगोरा पिटतात त्या मेगापिक्सेलविषयीं. इंचास ३०० ठिपके या हिशेबानें ४ × ६ इंचांच्या छापील चित्रास सुमारें २२ लक्ष, ८ × १० इंचांस ७२ लक्ष, व भिंतीवरील १२ × १८ इंचांच्या तसबिरीस सुमारें १ कोटी ९४ लक्ष ठिपके लागतात. २४ मेगापिक्सेल म्हणजे २ कोटी ४० लक्ष. त्यापुढील आंकड्यासाठीं पैसे मोजण्यापेक्षां तेच चांगल्या भिंगास लावावे.

कॅमेरा हलका असावा आणि घरांतील कोणाच्याही हातीं चालावा. कर्त्या मुलाच्या कपाटांत कुलुपबंद राहणारा कॅमेरा कुटुंबाचा नव्हे. जो चित्र घेतो तो चित्रांत येत नाहीं, आणि जी पंगतींत वाढते तीही येत नाहीं. म्हणून तो हातोहात फिरला पाहिजे. सुनांनीं व नातींनीं तो अवश्य हाताळावा. नवसारीस १९१३ सालीं जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकल्या आणि हिंदुस्थानच्या पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार झाल्या. २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. यंत्र बायकांच्या हातचें नव्हे, ही सबब केव्हांच निकालांत निघाली आहे.

निगेविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं, कोंकणपट्टींतील पावसाळा हा भिंगाचा वैरी आहे. ओलाव्यानें भिंगाच्या आंत बुरशी धरते आणि ती काढणें खर्चाचें काम. कॅमेरा चामडी पिशवींत कोंडून ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चित्र घेतल्यानें काम संपत नाहीं. दर वर्षीं हजारों चित्रांतून पन्नास निवडून छापून घ्यावीं. मूळ प्रतींचे तीन संच करावे : दोन घरांत निरनिराळ्या साधनांवर, तिसरा परगांवच्या आप्ताकडे. संदेशाबरोबर मोबाईलवरून धाडलेलें चित्र बहुधा आकसून लहान झालेलें असतें. तें मूळ प्रत समजून जपूं नये. छापील चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, दाब न देतां, साल, स्थळ व डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचें नांव लिहावें. ‘काकू’, ‘वन्सं’, ‘ताई’ एवढें लिहून भागत नाहीं. तीं नातीं लिहिणाऱ्याबरोबरच संपतात. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल होती. म्हणून एकाच स्त्रीचीं माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें लिहावीं. नाहींतर पणतीच्या लेखीं ती एक स्त्री दोन होईल, अथवा एकही राहणार नाहीं.

आणि नवा कॅमेरा घरीं आला कीं त्याचें पहिलें काम वाढदिवसाचें नसावें. ट्रंकेंतील ते जुने कागद उजेडांत काढावे, त्यांचीं चित्रें घ्यावीं, आणि घरांतील सर्वांत वयोवृद्ध स्त्रीस जवळ बसवून प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून विचारावें. तिचे शब्द त्याच कॅमेऱ्याच्या चलच्चित्रांत आवाजासह टिपून ठेवावे. कॅमेरा पुढच्या दिवाळीसही मिळेल, कदाचित् स्वस्तही मिळेल. पण तीं नांवें सांगणारी व्यक्ति तोंवर असेलच, असें कोणी सांगावें?