कोरड्या हवेतला कुबट एसी

‘बुरशी कोकणात, मुंबईत. आपल्याकडे कुठली आलीय ओल?’ अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीत राहणाऱ्याला असं वाटणं साहजिक आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारची हवा कोरडीठाक असते. तरीही एसी लावल्यावर पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो.

बुरशीला गावाचं हवामान लागत नाही, ओली जागा लागते. ती एसीच्या पोटातच असते. आतली कॉइल साधारण 5 ते 10 अंशांपर्यंत थंड होते. हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन ट्रेमध्ये उतरते आणि पाइपातून बाहेर जाते. आपल्याकडची धूळ या ओल्या कॉइलवर आणि ब्लोअरच्या पात्यांवर चिकटते. ओल टिकली तर 24 ते 48 तासांतही बुरशी धरू शकते. मे महिन्यात कॉइलवर पाणी कमीच जमतं. खरा त्रास सप्टेंबरचा, कारण सोलापूर भागात पावसाचा जोर तेव्हा असतो. त्या दिवसांत एसी रात्री तासभर लावून बंद होतो आणि आतली कॉइल ओलीच राहते.

बाहेरच्या खोलीत कूलर आणि आत एसी, अशी सोय अनेक घरांत असते. दोन्ही एकदम चालवले, की कूलरने हवेत सोडलेलं पाणी एसीला पुन्हा काढावं लागतं. कूलरच्या टाकीतलं साचलेलं पाणीही वास मारतं, शिवाय त्यात डेंग्यूचे डास वाढतात. पाणी काही दिवसांआड येत असेल तर ते फेकवत नाही, हे खरं. पण आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायलाच हवी. ते पाणी अंगण धुवायला चालतं.

‘गॅस लीक झाला असेल’ हा अंदाज बहुधा चुकतो. हल्लीच्या एसीतल्या आर-32 वायूला जवळजवळ वासच नसतो. गटारासारखा वास आला तर पाण्याचा पाइप थेट गटारात सोडलाय का, ते पाहा. जळका वास आला तर मात्र मेन स्विच बंद करून मेकॅनिकलाच बोलवा.

‘ड्राय मोडने एसी आतून वाळतो’ हेही खरं नाही. त्या मोडमध्ये खोलीतला दमटपणा कमी होतो, कॉइल ओलीच राहते. बंद करण्याआधी 15-20 मिनिटं नुसता पंखा चालवा आणि खिडकी किंचित उघडी ठेवा. कोरड्या दिवसांत आपली हवाच कॉइल वाळवून देते. अत्तर किंवा स्प्रे मारून वास फक्त झाकला जातो. ब्लीचने ॲल्युमिनियमच्या पात्या खराब होतात, आणि ते संडासाच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. हा प्रयोग कधीही करू नका.

घरच्या एसीमुळे लिजिओनेअर्स हा फुप्फुसांचा रोग होईल, ही भीतीही उगाच बाळगली जाते. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या हॉटेलात त्याचा मोठा उद्रेक झाला होता. पण तो पसरतो प्रामुख्याने मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरसारख्या यंत्रणांमधल्या पाण्याच्या तुषारांतून. घरचा स्प्लिट एसी पाणी फवारत नाही. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना मात्र बुरशीचा त्रास खरोखर होतो.

फिल्टर दोन आठवड्यांनी घरीच धुवा आणि सावलीत वाळवून बसवा. वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, कॉइल, ब्लोअर आणि ट्रे मेकॅनिककडून धुवून घ्या. नुसता फिल्टर झटकून जाणाऱ्याला ब्लोअर उघडून दाखवायला सांगा.