क्रीडावृत्ताचें दप्तर : कै. वि. वि. करमरकर यांच्या निमित्तानें

पेशवाईंतील अखबार हें अव्वल दर्जाचें साधन होय, याविषयीं संशोधकांत दुमत नाहीं. घडलेली गोष्ट जवळून पाहून ताबडतोब लिहिली, हीच त्यांची योग्यता. या कसोटीस उतरणारें एक अर्वाचीन लेखन मात्र आपल्या संग्रहांतून बहुधा वगळलें जातें. तें म्हणजे दैनिकांतील क्रीडावृत्त.

विष्णु विश्वनाथ करमरकर हे या लेखनाचे मराठींतील अग्रणी. मुंबईस १९६२ सालीं ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला आणि त्याच्या क्रीडाविभागाची धुरा त्यांनीं वाहिली. मराठी दैनिकांत पूर्वीं कोपऱ्यांत पडणाऱ्या या वृत्तास स्वतंत्र पान मिळवून देण्याचें श्रेय त्यांसच दिलें जातें. सामन्यांचें मराठींतून धावतें समालोचनही ते करीत. ६ मार्च २०२३ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

बखरकार परिणाम जाणून लिहावयास बसतो. त्यामुळें शेवटचें ज्ञान त्याच्या आरंभींही झिरपतें. पांच दिवसांच्या सामन्याचा वृत्तलेखक पहिल्या सायंकाळीं लिहितो तेव्हां पांचवा दिवस त्यास ठाऊक नसतो. शिवाय त्याच्या वर्णनाशेजारींच धावफलक छापलेला असतो. म्हणजे बखर आणि जंत्री एकाच पानावर! ओव्हल येथें ऑगस्ट १९७१ मध्यें चंद्रशेखरांनीं ३८ धावांत ६ गडी बाद केले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला व वाडेकरांचा संघ ४ गडी राखून जिंकला, इतकें जंत्री सांगते. चेंडू कसा वळत होता, फलंदाज कसे गोंधळले, हें विचारावयाचें तें शेजारच्या मजकुरास.

क्रिकेटचे आंकडे तरी ग्रंथांतून सुरक्षित आहेत. कबड्डी व खोखो यांचें तसें नाहीं. कबड्डीस आशियाई क्रीडास्पर्धांत पदकाचें स्थान १९९० सालीं बीजिंग येथें मिळालें; तत्पूर्वींच्या कित्येक सामन्यांचा साक्षी दैनिकाच्या पानावांचून दुसरा कोण असणार? या देशी खेळांस करमरकरांनीं मानाची जागा दिली. हें कार्य मला त्यांच्या क्रिकेटलेखनाहूनही मोलाचें वाटतें.

अडचण कागदाची आहे. जुनीं दप्तरें चिंध्यांच्या हातकागदावर टिकलीं. वडशाहून आगगाडी बल्लारशास जाते. तेथील गिरणींत आमच्या रानांतल्या बांबूचा लिहिण्याछापण्याचा कागद होत आला आहे, तोही बरा टिकतो. वर्तमानपत्राचा कागद मात्र लांकूड दळून केलेल्या लगद्याचा. उजेड लागतांच पिवळा पडतो, आंतील आम्लानें ठिसूळ होतो आणि प्रथम घडीवर तुटतो.

म्हणून संग्राहकांनीं शक्य तेथें सबंध पान, घडी न घालतां, अंधाऱ्या व कोरड्या जागीं सपाट ठेवावें. कात्रणच असेल तर त्याच्या वेष्टनावर पत्राचें नांव, तारीख, आवृत्ति व पृष्ठांक नोंदवावा. त्यावांचून तें बिनशिक्क्याच्या सनदेसारखें. वहींत खळीनें चिकटविलेलीं कात्रणें उचकटूं नयेत, वहीसकटच राखावीं. फक्त कसर लागली आहे काय, हें दर पावसाळ्यानंतर पाहावें.