खाचरात पाणी, अंगणात खो-खो
आंदर मावळातील शाळांचा क्रीडाहंगाम आणि आपण

कान्हे फाट्याला जुना पुणे-मुंबई रस्ता सोडून रेल्वेमार्ग आणि इंद्रायणी ओलांडली, की टाकवे बुद्रुकपासून आंदर मावळ सुरू होते. आंद्रा नदीचे हे खोरे वडेश्वर, खांडी, कुसूर अशा गावांना कवेत घेत सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जाते. मावळ तालुक्यातील पवन, नाणे आणि आंदर या तीन खोऱ्यांपैकी हे उत्तरेकडचे खोरे. वरच्या अंगाला ठोकळवाडीचे जलाशय आहे. टाटांनी १९२२ च्या सुमारास उभारलेल्या या धरणाचे पाणी घाटाखाली भिवपुरीला वीज निर्माण करते. खोऱ्याच्या या टोकाला पावसाळ्यात दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही आणि डोंगरापासून पूर्वेकडे येऊ लागावे, तसतसा पाऊस झपाट्याने उणावत जातो.

वडगाव, कामशेत, तळेगाव येथे पेढी किंवा दुकान असलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना या खोऱ्याची ओळख गिऱ्हाइकांच्या नावांनी आहे. भाताचे बियाणे, लग्नाचा बस्ता, शाळेच्या वह्या, छत्र्या यांच्या निमित्ताने आपला आणि या गावांचा व्यवहार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. मात्र त्याच गिऱ्हाइकाची मुलगी पावसाळ्यात शाळेच्या संघातून खो-खो खेळते, हे आपल्यापैकी किती जणांच्या कानावर असते?

जमीन भाताची, हंगाम मुलांचा

मावळातील शेतकऱ्याचे वर्ष भाताभोवती फिरते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘इंद्रायणी’ वाणाने येथील तांदळाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचविले. आषाढात लावणी सुरू झाली, की डोंगरउताराच्या या प्रदेशात जी काही सपाट जमीन आहे, ती पाण्याने भरलेल्या खाचरांखाली जाते. कापणी होऊन खाचरे मोकळी व्हायला दिवाळी येते.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम नेमका या दोहोंच्या मधला. तालुक्याच्या स्पर्धा साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात होतात आणि त्यापुढे जिल्ह्याच्या. म्हणजे चातुर्मासाच्या ज्या महिन्यांत मुलांना मैदानाची सर्वाधिक गरज असते, त्याच महिन्यांत खोऱ्यात मैदान उरत नाही. मग सराव शाळेच्या अंगणात होतो, व्हरांड्यात होतो, कोठे देवळाच्या सभामंडपात होतो. खो-खोच्या मैदानाला सत्तावीस मीटर लांबी आणि सोळा मीटर रुंदी लागते. अंगण तेवढे नसेल, तर शिक्षक आठ चौकोनांऐवजी पाच-सहा आखतात आणि मुले त्यावरच साखळी खेळतात, हुलकावणी शिकतात.

छोट्या शाळेत खेळासाठी स्वतंत्र शिक्षक असतोच असे नाही. गणिताचे किंवा इतिहासाचे सरच शिट्टी घेऊन उभे राहतात. लावणीच्या दिवसांत निम्मा संघ घरच्या शेतात असतो. तरीही या मुलांच्या पायांत जोर आहे, कारण चिखलातून आणि चढउताराच्या वाटांनी शाळेत येणे हाच त्यांचा रोजचा व्यायाम आहे.

एका सकाळीचा निकाल

शालेय स्पर्धांची रचना अनेक पालकांना ठाऊक नसते. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन वयोगट असतात आणि मुलामुलींचे संघ वेगवेगळे. तालुक्यात जिंकलेला संघ जिल्ह्याला जातो. पुणे महानगर आणि पिंपरी-चिंचवड यांची गणना वेगळी होत असल्याने मावळच्या शाळा पुणे ग्रामीणमधून खेळतात. तेथून विभाग, मग राज्य. राज्यात आठ क्रीडा विभाग असून त्यांचे विजेते राज्यस्पर्धेत भेटतात. त्यातून राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी महाराष्ट्राचा संघ निवडला जातो.

या शिडीची पहिली पायरी सर्वांत निसरडी आहे. सांघिक खेळांत तालुक्याचे सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला, की वर्ष संपले. दोन-अडीच महिन्यांच्या सरावाचा निकाल एका सकाळी, अर्ध्यापाऊण तासात लागतो. आणि त्या सकाळी खेळाखेरीज कितीतरी गोष्टी निकाल ठरवतात. पहाटेची एस.टी. वेळेवर आली का? मुली काही खाऊन निघाल्या का? वयाचा दाखला आणि मुख्याध्यापकांच्या सहीचे ओळखपत्र सोबत आहे का? मैदानावर मॅट असेल, तर पायात तिला साजेसे बूट आहेत का?

हा शेवटचा प्रश्न अलीकडचा आणि फार महत्त्वाचा आहे. मोठ्या स्पर्धांत कबड्डी आता मॅटवर खेळली जाते आणि खो-खोही त्याच वाटेने निघाला आहे. मातीत अनवाणी वाढलेला चढाईपटू मॅटवर प्रथमच उभा राहतो, तेव्हा त्याचा पाय घसरतो किंवा अडकतो. ज्या वळणावर मातीत त्याने शंभर वेळा प्रतिस्पर्ध्याला चकविलेले असते, त्याच वळणावर त्याची पकड होते. त्याचे कौशल्य तितकेच असते, पण पायाखालची ओळखीची जमीन बदललेली असते.

परंपरा आपल्याच अंगणातली

हे खेळ या मातीला नवे नाहीत. खो-खोला नियमांत बसविण्याचे काम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. मावळचेही यात ऋण आहे. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद योगाचे संशोधक म्हणून सर्वांना परिचित आहेत. परंतु मुंबई सरकारने नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचेही ते अध्यक्ष होते. शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाला हक्काची जागा मिळावी, यासाठी झटलेल्या धुरीणांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

आज खो-खोला नवे दिवस आले आहेत. २०२२ साली ‘अल्टिमेट खो-खो’ लीगचा पहिला हंगाम म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाला. हे संकुल मावळच्या वेशीपासून फार दूर नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भरला आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरविले. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेल्या धाराशिवच्या सारिका काळे यांनी तर घरी पोटभर जेवणाची भ्रांत असताना खेळ धरून ठेवला, भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि पुढे त्या क्रीडा अधिकारी झाल्या.

आंदर मावळातील प्रत्येक मुलगी विश्वचषकापर्यंत जाणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण खेळाचा उपयोग त्याच्या पुष्कळ अलीकडे सुरू होतो. पात्र खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. गुणवंत खेळाडूंसाठी राज्यशासनाच्या नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दहावीनंतर महाविद्यालयासाठी वडगाव-तळेगावला रोज जावे लागते आणि एस.टी.च्या भरवशावर मुलीला एवढ्या लांब पाठवायला घरचे कचरतात. जी मुलगी संघाबरोबर तालुक्याला आणि जिल्ह्याला जाऊन आली, तिच्यासाठी ती वाट अनोळखी राहत नाही. तिच्या वडिलांनाही एकदा तिला पाठविण्याचा अनुभव आलेला असतो. सतरा वर्षांखालील गटातील एका विजयाचे मोल येथे आहे.

ढाल नंतर, बूट आधी

आपला समाज दानात मागे नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात ढाली, चषक, प्रमाणपत्रे आणि शाली देणारे हात आपले असतात. ते चांगलेच आहे. मात्र ढाल जिंकलेल्याला मिळते, आणि तीही हंगाम संपल्यावर. पहिल्याच सामन्यात घसरून हरलेल्या संघापर्यंत हे दान कधी पोहोचत नाही.

व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. हंगामाचा माल हंगामाआधी भरावा लागतो. दिवाळी उलटल्यावर दुकानात आलेला आकाशकंदील कितीही सुंदर असला, तरी पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावरच पडतो. खेळाला लावलेल्या पैशाचेही तसेच आहे.

शाळा जूनमध्ये उघडतात. त्याच महिन्यात एखाद्या कुटुंबाने आपल्या ओळखीच्या गावातील मुख्याध्यापकांना भेटून एवढेच विचारावे, “यंदा तुमचे कोणते संघ उतरणार आहेत आणि त्यांना काय कमी पडते?” उत्तर बहुधा लहानच असेल. बारा जोड बूट, पायांच्या मापाचे. तालुक्याच्या सामन्याच्या दिवशी जाण्यायेण्याची गाडी. सामन्याआधी पोहे, केळी आणि सोबत गूळ-शेंगदाणे. खो-खोचे दोन नीट तासलेले खांब. तळेगाव-वडगावकडे जेथे मॅट असेल, तेथे सामन्याआधी दोन दिवस सरावाची सोय. दोन-चार कुटुंबांनी मिळून सरावापुरते एखादे पत्र्याचे छप्पर उभारले, तर पावसातही संघ खेळत राहील. पावती घ्यावी, हिशेब पाहावा आणि जमल्यास सामन्याच्या दिवशी आपल्या मुलांना घेऊन मैदानावर जावे. आपली मुले दुकानात ज्या घरांची नावे ऐकतात, त्या घरांतील त्यांच्या वयाची मुले त्यांना तेथे भेटतील.

खो-खोत धावणारा खेळाडू दमला, की बसलेल्या साथीदाराला खो देतो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. मात्र त्यासाठी दुसरा गडी रांगेत सज्ज असावा लागतो. मावळातील ही मुले आणि त्यांचे शिक्षक वर्षानुवर्षे एकटेच धावत आहेत. येत्या जूनमध्ये आपण त्यांच्या रांगेत जाऊन बसू या.