ऐकून भरावयाचा अर्ज

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, चार टेकड्यांच्या सान्निध्यात वसलेल्या हरिहरेश्वराहून तहसील कार्यालय गाठावयाचे म्हणजे श्रीवर्धनपर्यंतचा प्रवास आलाच. दृष्टिहीन ग्रामस्थास त्यासाठी बहुधा सोबती लागतो आणि सोबत्याचा रोज बुडतो. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांसाठी ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून अर्ज करण्याची सोय झाल्याने हा हेलपाटा टळू शकतो. तथापि, अर्ज घरबसल्या भरता येणे आणि तो दृष्टिहीन व्यक्तीस स्वतः भरता येणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरतात ते ‘स्क्रीन रीडर’च्या साहाय्याने. ही प्रणाली पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविते. मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ साली आरंभिलेली ‘एनव्हीडीए’ ही अशी एक प्रणाली विनामूल्य असून ती मराठीही वाचते. डोळस मनुष्य एका नजरेत सारे पान पाहतो. ऐकणाऱ्यास मात्र, हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गावर उतरावे तसे, एकेक पायरी चाचपीत जावे लागते. मधली एक पायरी नसली की वाट खुंटते.

ही पायरी निखळते कोठे? रकान्याशेजारी ‘वडिलांचे नाव’ असे छापलेले दिसते, पण ते नाव संगणकाच्या भाषेत त्या रकान्याशी जोडलेले नसते. मग कानी पडते ते इतकेच: ‘रकाना, रिकामा’. ‘सादर करा’ हे बटण खरे बटण नसून नुसते रंगविलेले चित्र असले, तर कळफलकावरून तेथे पोहोचताच येत नाही. चूक झाल्याचा इशारा तांबड्या अक्षरांत उमटतो, परंतु तो उच्चारला जावा अशी योजना नसल्याने अर्जदार वाट पाहत राहतो. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद आत केलेली नसल्यास मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तावडीत सापडतो! आणि ‘कॅप्चा’ची वेडीवाकडी अक्षरे? माणूस व यंत्र यांतील भेद ओळखण्यासाठी योजलेली ही परीक्षा दृष्टिहीन माणसालाच यंत्र ठरविते. तिला ध्वनीचा किंवा अन्य पर्याय हवाच.

हे सर्व दोष कारागिरीचे आहेत. ते आरंभीच टाळल्यास खर्च अल्प येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने अशी सुगम्यता हा हक्क मानला आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात समाविष्ट असल्याचा निर्वाळा दिला.

नवा अर्ज स्वीकारण्यापूर्वी अधिकाऱ्याने माऊस बाजूला ठेवावा आणि केवळ ‘टॅब’ कळीने तो अखेरपर्यंत भरून पाहावा. पुष्कळसे दोष तेवढ्यातच उघडे पडतात. उरलेले, नित्य स्क्रीन रीडर वापरणारी दृष्टिहीन व्यक्तीच दाखवू शकेल. तिला या तपासणीस बोलवावे, आणि तिच्या श्रमाचे मानधनही द्यावे.