एकाच गाण्याच्या अनेक रात्री

रॉक संगीतात स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊन तबकडीवर आलेले रूप हेच गाण्याचे प्रमाण रूप मानले जाते, आणि मैफलीत ते कितपत हुबेहूब उतरले यावर बहुतेक चाहत्यांचे समाधान ठरते. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या श्रोत्यांनी मात्र हा हिशेब उलटा मांडला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे सुरू झालेल्या आणि प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया यांच्या १९९५ मधील निधनापर्यंत वाजत राहिलेल्या या बँडने २३०० हून अधिक कार्यक्रम केले, आणि त्यांत गाण्यांची निवड, क्रम व विस्तार सतत बदलता ठेवला. त्यामुळे ‘डेडहेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या निष्ठावंत श्रोत्याला आवडते गाणे विचारले, तर तो गाण्याच्या नावापाशी न थांबता ते कोणत्या तारखेचे, हेही सांगतो.

या सवयीचे मूळ बँडच्या घडणीत आहे. गार्सिया बँजोवर वाजणाऱ्या ब्लूग्रास या ग्रामीण अमेरिकी संगीतातून आले होते, बास गिटार वाजवणारे फिल लेश यांचा ओढा प्रायोगिक पाश्चात्त्य रचनासंगीताकडे होता, तर ‘पिगपेन’ या टोपणनावाचे गायक-वादक ब्लूजमध्ये मुरलेले होते. हे सारे एकत्र आले ते आयत्या वेळी सुचणाऱ्या वादनात, म्हणजे ज्याला आपल्याकडे उपज म्हणतात त्यात. ‘डार्क स्टार’ ही रचना १९६८ मध्ये तीन मिनिटांच्या आत संपणारी तबकडी म्हणून आली, पण पुढच्याच वर्षीच्या ‘लाइव्ह/डेड’ या मैफलीच्या संग्रहात तिने सुमारे २३ मिनिटे घेतली. ख्यालाची बंदिश दोन ओळींची असते आणि राग तिच्या आधाराने उलगडतो, हे जाणणाऱ्या मराठी रसिकाला या वाढीचे आश्चर्य वाटू नये.

तुलना करायची तर पुरावा हवा, आणि तो श्रोत्यांनीच जमवला. बँडने आपल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करण्यास हरकत घेतली नाही. १९८४ पासून तर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात स्वतंत्र जागा राखण्यात आली. या कॅसेटींची देवाणघेवाण टपालाने होई, आणि पैसे घेऊन त्या विकणे चाहत्यांमध्ये गैर मानले जाई. कॅसेटीच्या कागदावर गाण्यांचा क्रम बारीक अक्षरात लिहिलेला असे आणि एक गाणे न थांबता दुसऱ्यात शिरले असेल, तर दोन नावांमध्ये छोटा बाण काढलेला असे. डेडहेडांचे सर्वांत कडाक्याचे वाद या बाणाच्या जागीच होतात.

त्याचे सर्वपरिचित उदाहरण ८ मे १९७७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे आहे. त्याच्या उत्तरार्धात ‘स्कार्लेट बेगोनियाज’ हे गाणे ‘फायर ऑन द माउंटन’ या तेव्हा नव्या असलेल्या गाण्यात विरघळते, आणि हा जोडप्रवास सुमारे २५ मिनिटे चालतो. पहिल्या गाण्याचे शब्द संपतात, पण ढोल थांबत नाहीत. बास हळूहळू नव्या आवर्तनावर स्थिरावतो, आणि दोनच स्वरसंघांवर झुलणाऱ्या त्या आवर्तनावर गार्सिया यांची गिटार, ध्वनी गाळणाऱ्या एका उपकरणामुळे, तोंड उघडून मिटल्यासारखा प्रत्येक स्वर उच्चारते. नवे गाणे नेमके कोठे सुरू झाले हे बोट ठेवून सांगता येत नाही, आणि या सांध्यातच कार्यक्रमाचे मोठेपण आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात.

हे मत सर्वमान्य नाही. चाहत्यांच्या एका मोठ्या गटाला २७ ऑगस्ट १९७२ चा ऑरेगॉनमधील व्हेनेटा येथील कार्यक्रम श्रेष्ठ वाटतो. त्या काळात बिल क्रॉइट्झमन हे एकटेच ढोलवादक असल्यामुळे लय हलकी आणि वळणदार राहत असे, आणि दुसरे ढोलवादक मिकी हार्ट परतल्यावर वजन वाढले तरी ती चपळाई गेली, असा या गटाचा युक्तिवाद आहे. हार्ट यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे बरेच आहे. त्यांनी उस्ताद अल्लारखा यांच्याकडून लयीचे धडे घेतले आणि मुंबईत जन्मलेल्या उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासह १९७६ मध्ये ‘दिगा’ व १९९१ मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’ हे संग्रह केले. बँडची ‘द इलेव्हन’ ही रचना तर नावाप्रमाणेच अकरा मात्रांच्या आवर्तनात चालते.

निष्ठा आणि आंधळेपणा यांतला फरक दोष मान्य करण्यात दिसतो, आणि या बाबतीत जाणता डेडहेड कठोर असतो. बँडचे सामूहिक गायन अनेकदा सुरातून ढळे, वुडस्टॉक येथील १९६९ चा कार्यक्रम फसल्याचे खुद्द वादकांनीही मान्य केले, आणि अखेरच्या वर्षांत गार्सिया यांची ढासळलेली प्रकृती वादनात ऐकू येई. परंतु जो रोज नवे करू पाहतो तो काही रात्री पडणारच, हे या श्रोत्याने स्वीकारलेले असते. पडण्याची शक्यता होती म्हणूनच चढलेल्या रात्रीची किंमत त्याला कळते.

अशा ऐकण्याला पुढे संस्थेचे बळही मिळाले. डिक लॅटव्हाला हे मुळात कॅसेटी जमवणारे चाहते. बँडने त्यांनाच आपल्या ध्वनिसंग्रहाचे काम सोपवले, आणि १९९३ पासून त्यांच्या निवडीचे कार्यक्रम ‘डिक्स पिक्स’ या मालिकेतून प्रसिद्ध होऊ लागले. कॉर्नेलचे ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या यादीत राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवले, तेव्हा ते बाजारात अधिकृतपणे आलेलेही नव्हते. ते आले २०१७ मध्ये. तोवर त्याची कीर्ती श्रोत्यांनीच सांभाळली होती. ज्या वाचकांना या मतांची पारख स्वतःच्या कानाने करायची असेल, त्यांनी ‘डार्क स्टार’चे १९६८ चे छोटे रूप आणि १९६९ चे मोठे रूप एकाच बैठकीत लागोपाठ ऐकावे.