चेपॉकच्या टाळ्या

कसोटी क्रिकेटमधील उत्कंठेचे मूळ एका साध्या हिशेबात असते. हव्या असलेल्या धावा आणि हाती उरलेले गडी, दोन्हीही घटत जातात. त्यांतील आधी काय संपणार, या प्रश्नावर प्रेक्षकांचा जीव टांगलेला असतो.

३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानाने हा अनुभव घेतला. भारत व पाकिस्तान यांच्यात नऊ वर्षांनी कसोटी सामना होत होता. त्याच महिन्यात दौऱ्याच्या विरोधकांनी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली होती. वातावरण असे तापलेले होते.

विजयासाठी २७१ धावा हव्या असताना भारताचे पाच गडी ८२ धावांत बाद झाले. मग सचिन तेंडुलकर व बडोद्याचा नयन मोंगिया यांनी १३६ धावांची भागी रचली आणि आशा पालवली. पाठीच्या वेदना सोशीत तेंडुलकरने १३६ धावा काढल्या. तो परतला तेव्हा १७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. ते तिघेही अवघ्या चार धावांत बाद झाले. साकलेन मुश्ताकने डावात पाच बळी घेतले व पाकिस्तानने १२ धावांनी सामना जिंकला.

त्यानंतर पाकिस्तानी संघाने मैदानाला फेरी घातली, तेव्हा चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांच्या गजरात त्याचा गौरव केला. जो चेंडूचेंडूचा हिशेब ठेवतो, त्याला प्रतिपक्षाच्या कष्टांचेही मोल कळते. पराजयाचे दुःख मनात असूनही ते मोल चुकते करणे, हीच खरी रसिकता होय.