थीममधील फेरफार आणि मूळ निर्मात्याचा हक्क
संगणकाच्या पडद्यावरील पार्श्वचित्र, चिन्हे आणि रंग यांच्या जुळवलेल्या संचाला ‘थीम’ म्हणतात. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या पाणीमहालावर कोणी थीम बेतली, तर त्या आदिलशाही वास्तूवर कोणाचाही कॉपीराइट नसला, तरी तिचे नवे छायाचित्र आणि रेखलेली चिन्हे 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृती ठरतात व त्यांत फेरफार करून प्रती वाटण्यास हक्कधारकाची परवानगी लागते. मूळ निर्मात्याचे नाव दिले की पुरे, हा समज चिवट असला तरी चुकीचाच आहे. थीम फुकट मिळते म्हणून मुक्त होत नाही. जीपीएलसारख्या परवान्यात, म्हणजे वापराच्या लेखी अटींत, बदलून वाटण्याची मुभा आधीच असते, परंतु वाटलेली सुधारित प्रतही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 नुसार, हक्क विकल्यानंतरही, प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीविरुद्ध निर्माता दाद मागू शकतो.